पाइनहर्स्टचे दुसरे मैदान

गोल्फ हा खेळ ज्याने खेळलेला नाही, त्यास तो श्रीमंतांच्या रिकामपणाची एक करमणूक वाटतो. दोन-चार माणसे काठ्यांची पिशवी घेऊन निघतात, एक लहानसा पांढरा चेंडू टोलवितात, त्याच्यामागून सावकाश चालत जातात आणि पुन्हा टोलवितात. यात चुरस ती कोणती, असा प्रश्न बघ्याच्या मनात उभा राहिल्यास त्यात नवल नाही. क्रिकेटमध्ये समोर गोलंदाज असतो, कुस्तीत समोर मल्ल असतो. गोल्फमध्ये मात्र समोर कोणीच दिसत नाही. या प्रश्नाचे उत्तर असे की, गोल्फमध्ये जमीन हाच खरा प्रतिपक्ष होय. आणि हा प्रतिपक्ष किती शांत, किती सभ्य आणि तरीही किती कठोर असू शकतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने अमेरिकेच्या दक्षिण भागातील एखाद्या जुन्या मैदानाचा परिचय करून घ्यावा. नॉर्थ कॅरोलिना संस्थानातील पाइनहर्स्ट येथील दुसऱ्या क्रमांकाचे मैदान हे अशा मैदानांत अग्रगण्य आहे.

प्रथम खेळाची परिभाषा थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. गोल्फच्या पुऱ्या मैदानात अठरा खेळपट्टे असतात. त्यांस ‘होल’ असे म्हणतात. प्रत्येक होलच्या आरंभीची लहानशी सपाट जागा म्हणजे ‘टी’. तेथून पहिला टोला मारावयाचा. मधला कापलेल्या गवताचा लांबच लांब पट्टा म्हणजे ‘फेअरवे’. शेवटी गालिच्यासारखे बारीक गवत राखलेली जागा म्हणजे ‘ग्रीन’. तिच्यात सव्वाचार इंच रुंदीचे भोक असते आणि ते दुरून दिसावे म्हणून त्यात निशाण रोवलेले असते. वाटेत वाळूने भरलेले खड्डे असतात, त्यांस ‘बंकर’ म्हणतात. चेंडू कमीत कमी टोल्यांत त्या भोकात घालावयाचा, एवढाच हा खेळ. कुशल खेळाडूस जितके टोले लागावेत अशी अपेक्षा असते, त्या संख्येस ‘पार’ म्हणतात. पाइनहर्स्टच्या या मैदानावर नित्याच्या खेळास ही संख्या ७२ आहे. मोठ्या स्पर्धांच्या वेळी ती ७० धरण्यात येते.

आता या जागेकडे वळू. नॉर्थ कॅरोलिनाच्या मध्यभागी वाळूच्या टेकड्यांचा एक प्रदेश आहे. समुद्र तेथून दूर असला, तरी पायाखाली रेतीच लागते. या रेतीवर पूर्वी लांब सुयांसारख्या पानांच्या पाइन वृक्षांची घनदाट अरण्ये होती. त्यांच्या खोडांतून राळ आणि टर्पेंटाइन काढण्यात आले, पुढे लाकडासाठी खोडेही तोडण्यात आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे उजाड माळ तेवढा उरला. १८९५ साली बोस्टन येथील जेम्स वॉकर टफ्ट्स या व्यापाऱ्याने तेथील पाच हजार एकरांहून अधिक जमीन विकत घेतली. सोडावॉटरची यंत्रे बनवून या गृहस्थाने संपत्ती मिळविली होती. उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीतून लोकांनी चार दिवस येऊन प्रकृती सुधारावी, अशी एक हिवाळी वसाहत उभारण्याचा त्याचा मानस होता. न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध सेंट्रल पार्कच्या रचनेमुळे नावारूपास आलेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या कचेरीने गावाचा आराखडा तयार केला. टफ्ट्सच्या मूळ बेतात गोल्फला स्थान नव्हते. पाहुणेच कुरणांत चेंडू टोलवू लागले आणि त्यामुळे दुभत्या गाईंस उपद्रव होऊ लागला, अशी हकीकत सांगतात. तेव्हा गाईंचे कुरण वाचावे म्हणून का होईना, खेळास स्वतंत्र जागा देणे भाग पडले.

१९०० साली डोनाल्ड रॉस हा तरुण या गावी नोकरीस आला. त्याचा जन्म १८७२ साली स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडील डॉर्नॉक या समुद्रकाठच्या गावी झाला होता. प्रथम त्याने सुतारकाम शिकून घेतले आणि नंतर सेंट अँड्र्यूज येथे ओल्ड टॉम मॉरिस या जुन्या जाणत्याच्या हाताखाली गोल्फचे शिक्षण घेतले. डॉर्नॉकची भूमीही रेतीचीच. तेथे वाऱ्याने आणि समुद्राने घडविलेल्या उंचवट्यांवर लोक पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले होते. पाइनहर्स्टची रेती पाहताच रॉसला आपल्या गावाची आठवण झाली असल्यास आश्चर्य नाही. रेतीत पाणी साचत नाही, चेंडू टणक जमिनीवरून दूरवर घरंगळतो आणि जमिनीचा प्रत्येक चढउतार खेळात भाग घेतो. १९०७ साली त्याने आखलेले दुसऱ्या क्रमांकाचे मैदान पूर्ण झाले. पुढे त्याने देशभर सुमारे चारशे मैदाने आखली. परंतु या मैदानाच्या तिसऱ्या होललगत त्याने स्वतःचे घर बांधले आणि १९४८ साली मृत्यू येईपर्यंत तो येथे सतत फेरफार करीत राहिला. एखादा लेखक आपल्या आवडत्या ग्रंथाची प्रत्येक आवृत्ती नव्याने शोधून काढतो, तद्वतच हे होय.

दक्षिणेच्या हवेने रॉसपुढे एक अडचण उभी केली होती. स्कॉटलंडच्या थंड हवेत वाढणारे नाजूक गवत नॉर्थ कॅरोलिनाच्या उन्हाळ्यात तग धरीत नसे. त्यामुळे आरंभीची जवळजवळ तीस वर्षे तेथील ग्रीन गवताच्या नव्हत्याच. चिकणमाती आणि वाळू यांच्या त्या सपाट, चौकोनी जागा होत्या. १९३५ सालच्या सुमारास त्या जागी गवताच्या ग्रीन तयार करण्यात आल्या आणि १९३६ साली व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा तेथे भरली. ज्या गवताने हे साधले त्यास इंग्रजीत ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणतात. नाव परके असले तरी हे गवत मराठी घरांस परके नाही. गणेशचतुर्थीस गणपतीस वाहावयाच्या ज्या दूर्वा, शेतकरी ज्यास हरळी म्हणतो आणि जी उपटून उपटून तो थकतो, तेच हे गवत. मैदानांवर हल्ली लावतात त्या जाती निवडून वा संकर करून सिद्ध केलेल्या असल्या, तरी त्यांचे कुळ हेच. उन्हाने ही तृणजाती करपत नाही, पेऱ्यापेऱ्यांतून पसरत जाते, तुडविली तरी पुन्हा उभी राहते. मात्र थंडी पडली की ती निजते आणि तपकिरी होते. शिवाय तिच्या पात्यांना एका दिशेचा कल असतो. चेंडू त्या कलाबरोबर जात असेल तर तो अपेक्षेपेक्षा पुढे धावतो, कलाविरुद्ध जात असेल तर अकस्मात मंदावतो. दक्षिणेकडील खेळाडू भोकाकडे पाहण्यापूर्वी गवताची चमक पाहतो, ते याचसाठी.

अशा मैदानावर एखादा नवखा खेळाडू पहिल्या टीवर उभा राहिला की प्रथम त्यास मोठे समाधान वाटते. समोर तळे नाही, ओढा नाही. अठरा होलांच्या साऱ्या खेळात चेंडू पाण्यात बुडण्याची धास्ती जवळजवळ नाहीच. फेअरवे ऐसपैस आहे आणि पाइनची झाडे बऱ्याच अंतरावर आहेत. असल्या सोप्या मैदानाचा एवढा बोलबाला का व्हावा, असे त्यास वाटू लागते. तो जोराने टोला मारतो, चेंडू गवतावर पडतो आणि तो आनंदाने पुढे चालू लागतो. चूक येथेच झालेली असते. परंतु ती त्यास अजून कळलेली नसते.

फेअरवेचा तो ऐसपैसपणा खेळाडूच्या सोयीसाठी नाही. त्यास निवड करावयास लावण्यासाठी आहे. निशाण ग्रीनच्या उजव्या अंगास, बंकरच्या आड असेल तर फेअरवेच्या डाव्या कडेवरून त्याच्याकडे जाणारी वाट मोकळी सापडते. उजव्या कडेवरून तोच टोला बंकरवरून उचलून मारावा लागतो. म्हणजे पहिला टोला कोठे मारावा याचा निर्णय पहिल्या टोल्यापाशी होत नाही. प्रथम निशाणाची जागा पाहावी, तेथे कोणत्या बाजूने पोहोचणे सोयीचे ते ठरवावे, आणि मग मागे मागे विचार करीत टीपाशी यावे. अरुंद मैदानावर वाट एकच असते आणि ती चुकल्यास शिक्षा तत्काळ मिळते. येथे वाटा अनेक असतात, पण चुकीच्या वाटेची शिक्षा दुसऱ्या वा तिसऱ्या टोल्यास मिळते. व्यवहारातही बहुतेक चुकांचे असेच नसते काय?

खरी परीक्षा ग्रीनपाशी होते. या मैदानाच्या ग्रीन सपाट नाहीत आणि चेंडू गोळा करणाऱ्या पसरट वाटीसारख्याही नाहीत. परात उपडी ठेवावी तसा त्यांचा आकार आहे. कोणी त्यांस कासवाच्या पाठीची उपमा देतात. मधला भाग उंच आणि कडा चोहोबाजूंनी उतरत्या. वर्षानुवर्षे वर पसरण्यात आलेल्या वाळूच्या थरांमुळे हा उंचवटा रॉसच्या काळापेक्षा वाढला असावा, असेही जाणते लोक म्हणतात. दुरून ग्रीन प्रशस्त दिसते, परंतु चेंडू ज्यावर पडून खरोखर ठरेल असा भाग तिच्या एकंदर विस्तारापेक्षा पुष्कळच लहान असतो. टोला थोडा आखूड पडला तर चेंडू मागे घरंगळत येतो. थोडा लांब गेला तर पलीकडे उतरून जातो. डोळ्यांदेखत ग्रीनवर पडलेला चेंडू क्षणभर थांबतो, विचार केल्यासारखे करतो आणि सावकाश उताराला लागतो. त्या वेळी खेळाडूचा जो चेहरा होतो तो पाहण्यासारखा असतो.

घरंगळलेला चेंडू दाट गवतात अडकत नाही. तो बारीक कापलेल्या गवताच्या एखाद्या खोलगट जागी जाऊन थांबतो. येथे रॉसची मार्मिकता दिसून येते. चेंडू दाट गवतात असता तर उपाय एकच होता : जाड पात्याच्या काठीने तो उचलून काढणे. येथे मात्र तीन-चार उपाय समोर उभे राहतात. चेंडू उंच उडवून निशाणाजवळ हलकेच उतरवावा. किंवा तो ठेंगणा मारून समोरच्या चढावर आपटवावा, म्हणजे वेग मरून तो वर सरकेल. किंवा ग्रीनवर वापरावयाच्या सपाट काठीनेच तो जमिनीवरून चढवावा. किंवा लांब टोल्यांची काठी आखूड धरून त्यास ढकलावे. प्रत्येक उपाय शक्य आहे आणि प्रत्येकात धोका आहे. मनगटास जे येते ते करावे की परिस्थितीस जे हवे ते करावे, असा हा पेच असतो. ज्याचे मन डळमळते त्याचा चेंडू चढ चढून जातो आणि पलीकडून उतरतो, किंवा अर्ध्या चढावरून परत त्याच्या पायाशी येतो. १९९९ सालच्या अमेरिकन ओपन स्पर्धेत जॉन डेली या नामांकित खेळाडूचा आठव्या होलवर असाच चेंडू परत आला. संतापाच्या भरात त्याने तो चालता चेंडूच टोलविला, त्याबद्दल दंडाचे टोले सोसले आणि त्या एका होलवर त्याच्या नावे अकरा टोले लागले. मैदानाने त्यास काहीच केले नव्हते. एक लहानसा उतार तेवढा पुढे केला होता.

त्याच स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी याच्या अगदी उलट दृश्य दिसले. अठराव्या होलवर पेन स्टुअर्ट याचा पहिला टोला उजवीकडे दाट गवतात गेला. तेथून ग्रीन गाठण्याचा हट्ट न धरता त्याने चेंडू मुकाट्याने फेअरवेवर आणला, तिसऱ्या टोल्याने तो ग्रीनवर पोहोचविला आणि मग सुमारे पंधरा फुटांवरून तो भोकात घातला. फिल मिकल्सनवर एका टोल्याने त्याची सरशी झाली. चार दिवसांच्या खेळाअंती पारपेक्षा कमी टोल्यांत खेळ संपविणारा तो एकटाच होता. त्यानंतर चारच महिन्यांनी विमान अपघातात त्याचा अंत झाला. त्या विजयाच्या क्षणीचा त्याचा ब्राँझचा पुतळा आज त्या मैदानापाशी उभा आहे.

या मैदानाच्या कथेत एक दुःखद प्रकरणही आहे. काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या आणि खेळाडूस जमिनीचा उतार, गवताचा कल सांगणाऱ्या मदतनिसास ‘कॅडी’ म्हणतात. अशा मैदानावर कॅडीचे ज्ञान काठीइतकेच मोलाचे असते. दक्षिणेतील या कामात कृष्णवर्णीय लोकांचा मोठा भरणा होता. पाइनहर्स्टशेजारचे टेलरटाऊन हे गावही तेथे राबणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांच्या वस्तीतून वाढले. ज्यांस प्रत्येक ग्रीनचा इंच इंच ठाऊक होता, त्यांस त्याच खेळात बरोबरीने उतरण्याचा अधिकार मात्र नव्हता. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघाने १९३४ साली केवळ गौरवर्णीयांसच सभासद करून घेण्याचा नियम केला आणि तो १९६१ सालापर्यंत टिकला. १९२२ साली याच संस्थानातील शार्लट येथे जन्मलेल्या आणि लहानपणी कॅडीचे काम केलेल्या चार्ली सिफर्ड याने त्या नियमाविरुद्ध वर्षानुवर्षे झगडून ही भिंत पाडली. पुढे २००४ साली गोल्फच्या जागतिक सन्मान-मंदिरात त्याचे नाव कोरले गेले. आणि ते मंदिर २०२४ साली पाइनहर्स्ट येथेच हलविण्यात आले. जमीन कोणाचाही वर्ण पाहत नाही. तो भेद पाहणारी माणसेच होती, आणि तो दूर करण्यास माणसांनाच झिजावे लागले.

रॉसच्या मृत्यूनंतर मैदानावरही एक संकट आले. ते दुर्लक्षाचे नव्हते, अतिकाळजीचे होते. जलसिंचनाची साधने वाढली, सारे काही हिरवेगार दिसले पाहिजे अशी अभिरुची बळावली, आणि फेअरवेच्या दोन्ही अंगांस असलेली उघडी रेती व तारेसारखे ताठ रानगवत यांच्या जागी दाट दूर्वांचे पट्टे आले. फेअरवे अरुंद झाले. रेतीवर घरंगळत जाऊन खेळाडूस नाना पेचांत टाकणारा चेंडू आता वाटेतच हिरव्या गादीत रुतू लागला. मैदान पूर्वीपेक्षा साजरे दिसू लागले. पण त्याचे बोलणे बंद झाले. खेळाडूपुढची निवड संपली आणि अरुंद पट्ट्यावर सरळ टोला मारणे एवढेच शिल्लक राहिले.

२०१० साली बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या दोघांकडे जीर्णोद्धाराचे काम सोपविण्यात आले. १९४३ साली विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रे त्यांस उपयोगी पडली. रॉसच्या काळी फेअरवेच्या मधोमध पाण्याच्या नळांची एकच ओळ असे. जमिनीतील त्या जुन्या ओळीचा माग काढून मूळ फेअरवे कोठून जात होते हे त्यांनी निश्चित केले. मग सुमारे पस्तीस एकर गवत काढून टाकण्यात आले, पाण्याच्या फवाऱ्यांची संख्या सुमारे ११५० वरून ४५० वर आणण्यात आली, आणि उघडी रेती, पाइनच्या सुया आणि रानगवत यांस त्यांची जागा परत देण्यात आली. मध्यभागी हिरवे, कडेस पिवळसर आणि त्यापलीकडे रेतीच्या रंगाचे, असे मैदान पुन्हा दिसू लागले. पाण्याचा खर्चही पुष्कळ घटला. २०१४ साली लागोपाठच्या दोन आठवड्यांत पुरुषांची आणि स्त्रियांची अशा दोन्ही अमेरिकन ओपन स्पर्धा तेथे झाल्या. पुरुषांत मार्टिन कायमर आणि स्त्रियांत मिशेल वी यांस जय मिळाला. घरोघरी पडद्यावर खेळ पाहणाऱ्या कित्येकांस ते तपकिरी मैदान आजारी वाटले. वस्तुतः ते आजारातून उठले होते.

या जीर्णोद्धाराचे मर्म २०२४ सालच्या अमेरिकन ओपनमध्ये दिसून आले. अखेरच्या होलवर रोरी मॅकलरॉय याचा चेंडू रानगवताच्या झुबक्यामागे पडला. तेथून त्यास ग्रीन गाठता आली नाही. पुढे चेंडू निशाणाजवळ आणूनही अखेरचा चार फुटांच्या आतील टोला हुकला. त्याच्यामागून आलेल्या ब्रायसन डिशाम्बो याचा चेंडूही त्याच होलवर रेताड भागात, झाडाच्या मुळाजवळ गेला आणि तेथून बंकरमध्ये. सुमारे ५५ यार्डांवरून त्याने तो वाळूतून उचलला आणि भोकापासून चार-पाच फुटांवर आणून ठेवला. एका टोल्याने त्याने स्पर्धा जिंकली. दोघांनाही मैदानाने संकटात टाकले होते आणि दोघांनाही त्यातून वाट काढण्याची मोकळीक ठेवली होती. हिरव्या गादीने ही मोकळीक दिली नसती.

पाइनहर्स्टच्या दुसऱ्या मैदानावर खेळणे म्हणजे काय, याचा विचार येथवर केला. तेथे बळकट दंड उपयोगी पडतो, पण पुरत नाही. निशाण समोर दिसत असताही कित्येकदा त्याच्याकडे नेम न धरता ग्रीनच्या मध्यावर समाधान मानावे लागते. कित्येकदा चेंडू मुद्दाम आखूड ठेवून चढाच्या पायथ्याशी थांबणेच शहाणपणाचे ठरते. मोह आवरून दुय्यम वाटणारा टोला निवडणारा तेथे तरतो आणि प्रत्येक वेळी सर्वोत्तम फळाचा हट्ट धरणारा थकून परततो. उजाड झालेल्या माळावर एका सुताराने रेती, उतार आणि हरळीसारखे साधे गवत एवढ्याच सामग्रीवर हे मैदान रचले. त्याला अधिक सुंदर करण्याच्या भरात ते बिघडले, आणि वर चढविलेले उतरविल्यावर पुन्हा सुधारले. चांगल्या मैदानास अधिक पाणी लागत नाही. खेळाडूस विचार करावयास लावील एवढी मोकळी जागा लागते.